ट्रक चालवा, पण इतक्यात घेऊ नका

प्रश्न: मी ३० वर्षांचा, मूळचा करमाळा तालुक्यातला. चाकणला एका कंपनीत कंत्राटदाराकडून सहा वर्षं काम करतोय. पगार २०,००० आणि सगळं कापून हातात साधारण १७,८०० येतात. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी गावी असतात. गेल्या वर्षी हेवी लायसन्स काढलं. मामेभाऊ ट्रान्सपोर्टला ड्रायव्हर आहे, तो म्हणतो महिन्याला पस्तीस हजार सुटतात. एक दलाल २०१९ ची दहा टायर गाडी अठरा लाखांना देतोय. चार लाख भरायचे, चौदा लाखांचं फायनान्स, ९ टक्के व्याज, ४८ हप्ते. वडील ६२ वर्षांचे आहेत आणि त्यांची पाच लाखांची एफडी मोडायला तयार आहेत. या लाईनमध्ये माणूस समाधानी राहतो का? ड्रायव्हर होऊ, की थेट गाडीच घेऊ?

उत्तर: तुम्ही एका पत्रात दोन वेगळे प्रश्न विचारलेत. ड्रायव्हर होणं म्हणजे नोकरी बदलणं, आणि ट्रक घेणं म्हणजे धंदा उभा करणं. पहिल्याला माझं उत्तर ‘हो, पण अटी घालून’ असं आहे. दुसऱ्याला आज तरी स्पष्ट ‘नाही’. समाधानाचा प्रश्नही या दोन्हींत वेगवेगळा सुटतो, तो कसा ते पुढे येईलच.

आधी भावाचे पस्तीस हजार. ते खोटे नसतील, पण त्यांत पगार किती, भत्ता किती आणि डिझेल वाचवून उरलेले किती, हे त्याला एकेक करून विचारा. चाकण–बंगळूरसारख्या लाईनवर नव्या ड्रायव्हरला २२,००० पगार आणि दिवसाला ४०० भत्ता मिळाला असं धरू. महिन्यात २४ दिवस गाडीवर, म्हणजे ९,६०० भत्ता आणि एकूण ३१,६००. भत्ता म्हणजे कमाई नव्हे, तो जेवणाखाण्याचा पैसा आहे. धाब्यावर दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, आंघोळ आणि मोबाईल मिळून महिन्याला ७,५०० सहज जातात. हातात राहिले २४,१००.

आज चाकणला खोलीचा वाटा आणि मेस मिळून तुमचे साडेसहा हजार जात असतील, म्हणजे गावी ११,३०० पोचतात. तुलना इथेच थांबवली तर ड्रायव्हरकी दुप्पट दिसते. पण आज तुमच्या पीएफ आणि पेन्शनच्या खात्यात मिळून तुमचे १,८०० आणि मालकाचे १,८०० असे ३,६०० दरमहा पडतात, आणि ईएसआयमुळे घरच्यांच्या दवाखान्याची सोय आहे. पाच-सहा गाड्यांच्या मालकाकडे यातलं बहुधा काहीच मिळणार नाही. तेवढीच बचत आणि कुटुंबाचा आरोग्यविमा स्वतः करायचा म्हटलं तर ५,१०० बाजूला काढावे लागतील. तेव्हा खरा सामना ११,३०० विरुद्ध १९,००० असा आहे.

तरीही फरक ७,७०० चा आहे आणि तो लहान नाही. पण तासांचा हिशेब मांडा. कंपनीत महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. पगार, मालकाचा पीएफ आणि ईएसआयचे ६५० धरून तुमच्यावर २२,४५० खर्च होतात, तासाला १०८ रुपये. गाडीवर २४ दिवस, रोज १२ तास, म्हणजे २८८ तास. ३१,६०० ला भागलं तर तासाला ११० रुपये. दर जवळपास तोच आहे. जास्तीचे पैसे जास्तीच्या तासांचे आणि घरापासून लांब राहण्याचे आहेत. हे समजून-उमजून पत्करलं तर सौदा वाईट नाही. ‘जास्त पगाराची नोकरी’ समजून गेलात तर सहा महिन्यांत वैताग येईल.

काम समाधानाचं आहे का, तर बऱ्याच जणांसाठी आहे. डोक्यावर सुपरवायझर नाही, केबिन आपली, आणि हात बसला की अठ्ठावीस टनांची गाडी घाटातून सुखरूप उतरवण्यात कारागिराचा आनंद असतो. चांगला ड्रायव्हर मालकाला डिझेल, टायर आणि क्लचमध्ये महिन्याला हजारो रुपये वाचवून देतो, आणि जाणता मालक त्याला सोडत नाही. ज्याला एकटं राहायला आवडतं, झोप कुठेही लागते आणि वाट पाहताना चिडचिड होत नाही, तो या कामात रमतो. शेवटची गोष्ट हलक्यात घेऊ नका, कारण ड्रायव्हरचं मन चालवण्यापेक्षा थांबण्याने जास्त खचतं. गाडी सकाळी नऊला गोडाऊनच्या गेटवर लागते. गेटपास व्हायला दुपार होते, मग ‘डॉक रिकामा नाही’ सांगतात, मग हमालांची पाळी सुटते आणि माल उतरतो दुसऱ्या दिवशी चारला. या तीस तासांत ना पैसे, ना झोप, ना धड संडास. पगारावर असाल तर निदान दिवस भरतो. ट्रिपवर किंवा किलोमीटरवर असाल तर हा वेळ तुमच्या खिशातून जातो. त्यामुळे नोकरी घेताना पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. हॉल्टचे पैसे किती तासांनंतर सुरू होतात आणि ते ड्रायव्हरपर्यंत पोचतात का, हे आधी विचारा.

मग बाकीचं कागदावर घ्या. महिन्याची सुट्टी सलग किती मिळेल? उतरवताना माल कमी भरला तर पैसे कोणाचे कापणार? टायर फुटला तर? ई-चलान गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या नावे येतं आणि बरेच मालक ते ड्रायव्हरच्या पगारातून वळतं करतात. वेगाचं चलान तुमचं, हे मान्य करा. ओव्हरलोडचं मात्र मुळीच नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे, गाडीचं वजन करून द्यायला नकार दिला तर ४०,०००. माल किती भरायचा हे मालक ठरवतो, तेव्हा दंडही त्यानेच भरायचा, हे आधी वदवून घ्या. विम्याच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचं कव्हर घेतलंय का हेही बघा. त्याचा हप्ता नगण्य असतो, तरी खूप पॉलिसींत ते नसतं.

पहिली नोकरी कुठे घ्यावी? ठरलेल्या लाईनवर, एकाच कंपनीचा माल वाहणाऱ्या ताफ्यात, पगार बँकेत जमा करणाऱ्याकडे. चार हजार कमी मिळाले तरी चालेल. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, त्यामुळे नवी गाडी देणारा मालक मिळाला तर उन्हाळ्यात फार फरक पडतो. दोन वर्षांनंतर गॅस, केमिकल किंवा पेट्रोलच्या टँकरकडे वळता येईल. त्यासाठी धोकादायक मालाचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करावी लागते. साध्या हेवी लायसन्सची मुदत पाच वर्षांची असते, या नोंदीची तीन वर्षांची, आणि नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी वर्ग लागतो. पैसे बरे मिळतात, शिवाय या ताफ्यांत वेगावर आणि रात्रीच्या ड्रायव्हिंगवर खरोखर लक्ष असतं.

आता ट्रक. दलालाने सांगितलेलं ९ टक्के व्याज बहुधा फ्लॅट आहे. चौदा लाखांवर चार वर्षं ९ टक्क्यांनी ५.०४ लाख व्याज होतं, एकूण १९.०४ लाख आणि हप्ता ३९,६६७. मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण चौदा लाखांवर लागतं, म्हणून बँकेच्या घटत्या पद्धतीने हाच दर सुमारे १६ टक्के पडतो. फायनान्सवाल्याकडे घटत्या शिल्लकीचा दर लेखी मागा. शिवाय फाईल चार्ज, कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड वेगळे विचारा.

चाकण–बंगळूर जाऊन-येऊन १,७०० किलोमीटर धरू. जातानाचं भाडं ४२,०००, येतानाचं ३३,०००, एकूण ७५,०००. लोडमध्ये लिटरला ४ किलोमीटर म्हणजे ४२५ लिटर डिझेल, ९१ रुपयांनी ३८,७००. टोल १०,०००, तुमचं खाणंपिणं ३,०००, वाराई (माल भरण्या-उतरवण्याची हमाली), दलाली आणि किरकोळ ४,०००. ट्रिपमागे उरले १९,३००. महिन्यात चार फेऱ्या झाल्या तर ७७,२००.

त्यातून हप्ता ३९,६६७ गेला. विमा बघू. २० ते ४० टन वजनगटाच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरांनी ४३,९५० आणि वर जीएसटी आहे. गाडीच्या नुकसानीचं कव्हर धरून वर्षाला ७५,०००, महिन्याला ६,२५०. दहा टायरचा संच २.२ लाखांना आणि चालला १.१ लाख किलोमीटर, तर किलोमीटरला २ रुपये, ६,८०० किलोमीटरला १३,६००. ऑईल, ग्रीसिंग, लायनर, कमानीचे पाटे, क्लच यांना सरासरी ८,०००. परमिट, टॅक्स, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) यांना ४,०००, त्यात नॅशनल परमिटचे वर्षाचे १६,५०० आले. बेरीज ७१,५०० होते आणि तुमच्या हातात येतात ५,७००. चार फेऱ्या स्वतः चालवून, मालक म्हणून, ५,७००. एक फेरी हुकली की तीन फेऱ्यांचे ५७,९०० येतात. टायर आणि दुरुस्ती थोडी कमी धरली तरी खर्च ६७,१०० आहे, म्हणजे ९,२०० घरून घालायचे. रिटर्न भाडं नाही मिळालं आणि गाडी रिकामी आणावी लागली तर त्या महिन्याचं बोलायलाच नको.

हे आकडे गृहीत आहेत. तुम्ही तीन वेगवेगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून त्या लाईनचं आजचं भाडं विचारून माझ्या जागी त्यांचे आकडे घाला. भाडं दहा टक्क्यांनी वाढलं तर चार फेऱ्यांत ३०,००० जास्त येतात आणि चित्र पालटतं, हे मला मान्य आहे. पण तेवढं भाडं तोच गाडीमालक मिळवतो ज्याचं कंपनीशी थेट काम आहे. तुम्हाला पहिली दोन वर्षं दलालाच्या नाक्यावरूनच माल घ्यावा लागेल. भाडंही एकरकमी मिळत नाही. ८५ टक्के ॲडव्हान्स मिळाला तरी बाकीचं माल मिळाल्याची सही केलेली पोहोच परत आल्यावर येतं. दीड महिना अडकलं तर सहा फेऱ्यांचे मिळून ६७,५०० बाहेर राहतात. चार लाख भरल्यावर वडिलांच्या पैशातला जो एक लाख उरेल, तो विमा आणि दोन टायरमध्येच संपलेला असेल. मग डिझेल उधारीवर.

कर्ज फिटल्यावर गाडी आपली राहते, हेही खरं. पण तेव्हा ती अकरा वर्षांची असेल. २०२७ मध्ये आठ वर्षं पुरी झाली की पासिंग दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावं लागेल आणि पर्यावरण कर सुरू होईल. गाडी बीएस-४, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या मानकाची आहे.  दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-४ मालगाड्यांना दिल्लीत शिरायला ऑक्टोबर २०२६ अखेरपर्यंतचीच मुदत दिलेली आहे, म्हणजे ती लाईन तुमच्यासाठी बंद समजा. अशा गाड्या तिकडून इकडे विकायला येतात आणि मग इथलेही भाव उतरतात.

समाधानाची गोष्ट इथे परत येते. पगारी ड्रायव्हरला झोप आली तर तो गाडी बाजूला घेऊ शकतो. ज्याच्या डोक्यावर ३९,६६७ चा हप्ता आहे, त्याला चौथी फेरी महिन्याच्या आत बसवायची असते. तो रात्री दोन ते पाच चालवतो, चार टन जास्त भरतो, ब्रेक लायनर पुढच्या महिन्यावर ढकलतो. उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवण्याची सवयही इथूनच लागते. गिअर काढला की इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापून पकड सोडतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी हवासुद्धा तयार होत नाही. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने अनेक गाड्यांना ठोकरलं, तेव्हा प्राथमिक तपासात हेच कारण पुढे आलं होतं. खंबाटकी असो की कात्रज, चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेवायचा. पण नवखा हात, जुनी गाडी आणि पाठीमागे हप्ता असे तिघे एकत्र आले की माणसाला नियम माहीत असूनही पाळता येत नाही. मला तुमच्या पैशांपेक्षा याची जास्त काळजी वाटते.

तुमचं लायसन्स एक वर्षाचं आहे, पण लोड गाडीवर हात किती बसलाय? पत्रात त्याचा उल्लेख नाही. राजीनामा देण्याआधी पंधरा दिवस रजा टाकून भावाबरोबर दोन पूर्ण फेऱ्या करा, मालकाला सांगून, सेकंड ड्रायव्हर म्हणून. दुसऱ्या फेरीच्या शेवटी कंबर, झोप आणि घरची ओढ, तिन्हींचा अंदाज येतो. त्याच रजेत डोळे, साखर आणि बीपी तपासून घ्या. झोपेत जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. या कामात ती जिवाशी गाठ आहे. जमलं तर नोकरी घ्या आणि दीड वर्ष एक वही ठेवा. प्रत्येक फेरीचे किलोमीटर, डिझेल, टोल, थांबलेले तास, बिल्टीवरचं (मालाच्या पावतीवरचं) भाडं, बाकी किती दिवसांनी आली, सगळं तिच्यात लिहा. ट्रक घ्यायचा की नाही, हे त्या वहीतल्या आकड्यांवरून ठरवा.

गाडी घेण्याची वेळ कधी आली म्हणायची? निदान एका बाजूचा माल ठरलेला असेल, किमतीच्या ४० टक्के रक्कम स्वतःच्या बचतीतून उभी असेल, सहा हप्त्यांइतके पैसे वेगळे पडून असतील आणि साधारण महिन्यात हप्ता फेऱ्यांतून उरणाऱ्या पैशांच्या निम्म्याहून कमी बसत असेल, तेव्हा. आजच्या सौद्यात तो निम्म्याच्या वर आहे. त्या वेळी गाडी बघताना परिवहन पोर्टलवर टॅक्स, पासिंग, थकीत चलानं आणि बोजा तपासा. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि फायनान्सची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. चेसीवर वेल्डिंगची खूण आहे का, चालू इंजिनची ऑईल कॅप उघडल्यावर धूर फेकतोय का, पुढचे टायर एका बाजूनेच घासलेत का, हे आपल्या मेस्त्रीकडून बघून घ्या, दलालाच्या नको. नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करा. कराचं सोपं आहे. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, बारा टनांवरच्या गाडीला टनामागे महिन्याला १,०००. अठ्ठावीस टनांना वर्षाचे ३.३६ लाख होतात आणि नव्या करपद्धतीत त्यावर कर बसत नाही.

वडिलांचे पाच लाख मात्र यात आणूच नका. ते ६२ चे आहेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १०,२५० येतील. एफडी मुदतीआधी मोडण्याचा दंड किती ते बघून, फायद्याचं असेल तर पैसे तिकडे हलवा. शेती पावसावर असलेल्या घरात हा आधार लागतो.

तुमच्यासाठी पहिल्या पगारापासून एवढं सुरू करा: ‘ट्रक ड्रायव्हर’ हा व्यवसाय स्पष्ट लिहून किमान पन्नास लाखांचा टर्म विमा. धंदा लपवलात तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. बँकेतून २० रुपयांचा सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांचा जीवनज्योती, दोन्ही. अटल पेन्शनमध्ये तिसाव्या वर्षी ५,००० च्या पेन्शनला महिन्याला ५७७ पडतात. कुटुंबाचा आरोग्यविमा ईएसआय सुटण्याआधी घ्या. आधीपासूनच्या आजारांना त्यात थांबण्याचा काळ असतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

पीएफ काढू नका. खातं ५८ व्या वर्षापर्यंत व्याज मिळवत राहतं. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि तुमची सहा झाली आहेत. पेन्शनचे पैसे उचललेत तर ती सहाही पुसली जातील. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा, पुढच्या पीएफवाल्या नोकरीत ती वर्षं जोडता येतात. ग्रॅच्युइटीही विसरू नका. एकाच कंत्राटदाराकडे सलग पाच वर्षं भरली असतील तर बेसिक १५,००० धरून सहा वर्षांचे सुमारे ५१,९०० निघतात. मध्ये कंत्राटदार बदलला असेल तर सहाही वर्षांच्या पगारस्लिपा आणि पीएफची सेवानोंद आत्ताच डाऊनलोड करून ठेवा, आणि नोकरी सोडल्यापासून तीस दिवसांत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.